सिंक बटण आणि सुपारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मॅशअप आता कुणीही करतं, मग डीजेला पैसे कशाला मोजायचे?' असा सूर लावणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मोबाइलवर दहा मिनिटांत दोन गाणी एकमेकांत बसवल्याचं लेखकानं लिहिलंय. ते खोटं नाही. माझ्या भाच्यानं माझ्यादेखत सहा मिनिटांत केलं. पण त्यावरून त्यांनी जो निष्कर्ष काढला, तोच हल्ली सुपारी ठरवायला येणारे यजमानही काढतात, म्हणून हे पत्र.

मी कराडला १९९८ पासून साउंडच्या धंद्यात आहे. सुरुवात हेल्पर म्हणून. खोकी उचलायची, वायरी गुंडाळायच्या, आणि उस्ताद जेवायला बसले की तेवढ्यात कॅसेट डेकवर हात ठेवायचा. पुढे जुने का होईना, दोन सीडी प्लेयर घेतले. एका गाण्याची लय दुसऱ्याशी जुळवायला हेडफोनचा एक कान आत, एक बाहेर, आणि बोट पिचच्या पट्टीवर, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खटक्यावर. त्यात मेख अशी, की लय वाढवली की सूरही चढतो. मिनिटाला १०० ठोक्यांचं गाणं १०६ वर नेलं की पांढरी एकचं गाणं जवळजवळ काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या लगतच्या वरच्या पट्टीत, जातं आणि गायिकेचा आवाज बारीक होतो. सूर जागेवर ठेवून लय बदलणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा आम्ही अक्षरशः पेढे वाटायचे बाकी होतो. त्यामुळे यंत्राच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही.

उलट मॅशअपच्या बाबतीत तर सॉफ्टवेअरनं आपल्यावर उपकारच केले. मॅशअप म्हणजे एका गाण्याचा गळा, म्हणजे नुसता गाणाऱ्याचा आवाज, आणि दुसऱ्याचा ठेका. परदेशात कंपन्या पूर्वीपासून नुसत्या गळ्याची रेकॉर्ड काढायच्या, तिथल्या डीजेंना कच्चा माल आयता मिळायचा. आपल्या लावणीचा किंवा कोळीगीताचा नुसता गळा कुणी, कधी विकला? आम्ही मग एक जुगाड करायचो. स्टिरिओ गाण्यात गळा बहुधा मध्यभागी असतो, म्हणून एका बाजूच्या आवाजाच्या लहरी उलट्या करून दुसरीत मिसळल्या की गळा बराचसा पुसला जातो आणि वाद्यं उरतात. ठेका मिळाला, पण गळा वेगळा काढायचा तर बोंबच. जुन्या मोनो गाण्यांत दोन्ही बाजू एकच, तिथे तर काहीच चालायचं नाही. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं गाण्यातला गळा आणि वाद्यं सुटी करणारं स्प्लीटर नावाचं साधन फुकट खुलं केलं, २०२० मध्ये व्हर्च्युअल डीजे या डीजेंच्या सॉफ्टवेअरमध्ये वाजतं गाणं जागच्या जागी फोडायची सोय आली, २०२२ मध्ये सेराटो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही. गळा, ढोलकी, बेस, बाकी वाद्यं, चार बटणं. साठ वर्षांपूर्वीच्या मोनो लावणीतला गळा सुटा ऐकला, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता 'कुणीही करतं' याबद्दल. सिंक बटण म्हणजे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं बटण. ते ज्या समजुतीवर चालतं, ती आपल्या गाण्यांना लागू नाही. ते धरून चालतं की ठोके चार-चारांचे आहेत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे आहेत. मशीनवर बनलेल्या आजच्या गाण्यांना ते बरोबर लागू पडतं. जुन्या लावणीत मात्र ढोलकीवाला माणूस होता. तो रंगला की लय चढायची, बाई बोल घेताना तो थांबायचा. पडद्यावर सॉफ्टवेअरनं ठोक्यांसाठी आखलेल्या रेघा सरळ पुढे जातात आणि ढोलकी त्यांच्या पुढे-मागे पळते. कोळीगीत सहाच्या चालीचं. त्याचा वेग सॉफ्टवेअर कधी दीडपट सांगतं, कधी पाऊणपट. सुराचंही तेच. कुठलं गाणं कुठल्यावर बसेल हे सांगायला सॉफ्टवेअरवाल्यांनी १ ते १२ आकड्यांचं घड्याळासारखं चक्र केलंय, पण त्याला मेजर आणि मायनर या दोन पाश्चात्त्य स्वरमाला, एवढंच कळतं. भैरवीतलं गाणं घातलं तर कधीकधी मध्यमालाच सा धरून मोकळं होतं. हे सगळं हातानं दुरुस्त करता येतं, नाही असं नाही. पण चुकलंय हे आधी कानाला कळायला हवं ना!

गेल्या सीझनला एका वरातीत साउंड माझा होता, डीजे मुलीकडच्यांनी ठरवलेला. पोरगा विशीतला, हुशार. पन्नास मिनिटांचा मॅशअप घरून तयार करून पेनड्राइव्हवर आणलेला. खरं सांगतो, इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलेलं नाही. वरात निघाली आणि पेठेतल्या एका वळणावर साउंडचा टेम्पो अडकला. पुढे बुलेट लावलेली, मालक सापडेना. वीस मिनिटं वरात एका जागी. गाडीचा टेम्पो ढिम्म आणि गाण्याचा टेम्पो चढतच चाललेला, कारण फाइलमध्ये त्या वेळी तो चढणारच होता. अरुंद गल्लीत पोरं एकमेकांवर आदळायला लागली, एका मुलाचा पाय टेम्पोच्या चाकाशी आला. मी म्हटलं, 'अरे, खाली आण.' तो म्हणाला, 'काका, हे एकच ट्रॅक आहे.' शेवटी मीच माझा मोबाइल मिक्सरला जोडला आणि एक जुनं, संथ गाणं लावलं. पोरं बाजूला झाली, नवऱ्याच्या मावश्या, आत्या पुढे आल्या, फुगड्या सुरू झाल्या. लय वगैरे काही जुळवली नव्हती, मध्ये दोन सेकंद चक्क शांतता होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या पोराचा दोष काढावा असं मला वाटत नाही. त्याला कुणाच्या हाताखाली राहायची वेळच आली नाही. माझी दोन वर्षं खोकी उचलण्यात गेली, पण त्या दोन वर्षांत शेकडो वराती टेम्पोवर बसून पाहिल्या. कुठल्या गाण्याला म्हातारी माणसं खुर्च्यांतून उठतात, पाणी पडलं की काय लावायचं, दारू प्यालेल्या घोळक्याला न दुखावता पांगवायचं कसं. यातलं काहीच मिक्सरवर नसतं. सॉफ्टवेअरनं नुकसान केलं असेल तर ते हेल्परच्या या वर्षांचं. घरी बसून चांगलं काम करता येतं, म्हणून पोरं घरीच शिकतात, आणि पहिल्यांदा माणसं बघतात ती थेट सुपारीच्या दिवशी.

भाव पडले, ही आमची दुसरी तक्रार, आणि त्यात चूक थोडी आमचीही आहे. वर्षानुवर्षं आम्हीच यजमानांना 'बघा, गाणं कुठे जोडलं कळलं का?' असं मिरवून दाखवलं. जोडणं हीच आमची कला असं त्यांच्या डोक्यात आम्हीच भरवलं. आता जोडणं फुकट झालं, तर ते आमच्याकडे फुकटच मागणार. त्यात आपल्याकडे डीजे म्हटलं की लोकांना माणूस दिसतच नाही, खोक्यांची भिंत दिसते. बंदी येते ती 'डीजे'वर, रात्री दहाला पोलीस बंद करतात तो 'डीजे'.

एक गोष्ट लेखात सुटली, ती नव्या पोरांसाठी लिहितो. लग्नात आणि वरातीत गाणी वाजवायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. म्हणून कुणाचा तरी गळा सुटा काढून, त्यावर स्वतःच्या नावाची आरोळी चिकटवून ते इंटरनेटवर टाकायलाही सूट आहे, असा समज करून घेऊ नये. ज्या बाईचा गळा आपण वापरतो तिचं नाव तरी लिहावं. तेवढ्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. डीजे ठरवताना तीस सेकंदांचं रील बघू नका. त्याला एखाद्या छोट्या बारशाला, वाढदिवसाला दोन तास वाजवताना बघून या.

भाच्याला सिंक वापरायला मी बंदी केलेली नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर ठोक्यांचा आकडा दिसतो, तेवढ्या जागेवर काळी चिकटपट्टी लावली आहे. आतापर्यंत त्यानं ती दोनदा काढली. मी तिसऱ्यांदा लावली.

आपला,
एक साउंडवाला, कराड