फोटोतून जरा बाजूला हो

रेवदंडा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

लिस्बनहून पाठवलेले बेलेमच्या मनोऱ्याचे फोटो मिळाले. सगळ्यांत तू पुढे आणि मनोरा मागे, निम्मा झाकलेला. असो. जवळच्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे, तिथे गर्दीबरोबर चक्कर मारून लगेच बाहेर पडू नकोस. दगडात कोरलेले जहाजाचे दोरखंड बघ. मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून तो मठ उभा राहिला, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेल्या मिरीचा पैसाही त्यात आहेच.

पण लिस्बनमध्ये मला खरं कुतूहल आहे ते बायशा या पेठेचं. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत शिरला, उरलंसुरलं आगीत गेलं. मग तिथला तेव्हाचा मंत्री पोंबाल याच्या पुढाकाराने ती पेठ सरळ रस्ते आखून नव्याने बांधली. त्या घरांच्या भिंतींच्या पोटात लाकडी सांगाडा आहे, तिरक्या फुल्यांचा, आणि मधल्या जागेत दगडविटांची भर. जमीन हलली की लाकूड थोडं वाकतं, भिंत एकदम बसत नाही. वरून गिलावा, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. कुठे डागडुजी चालू दिसली तर थांब, विचारून आत डोकाव आणि माझ्यासाठी फोटो काढ. त्यात तू नसलीस तरी चालेल!

कार्मोचं चर्चही चुकवू नकोस. त्याच भूकंपात छप्पर गेलं ते परत बसलंच नाही, नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. आपल्या रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्यातली पडकी चर्चं तू नारळ-पोफळीच्या वाड्यांतून जाता-येता बघितलीस. आपल्याकडे पडलं ते पडलं. तिथे जपलंय, तिकीट लावून.

घरांना बाहेरून चकचकीत रंगीत फरशा लावतात, त्यांना हात लावून बघ. खाऱ्या वाऱ्याने आपला गिलावा दर पावसाळ्यात फुगतो, त्यावर हा इलाज इथेही चालला असता असं मला वाटतं. (आई म्हणते, आधी गळकी कौलं बदला.)

खारवून सुकवलेला कॉड मासा तिथे घरोघरी खातात. सुक्या बोंबलांवर वाढलेल्या मुलीने वासाची तक्रार करू नये.

आणि चार वाक्यं पोर्तुगीज शिकून ये. साळावच्या पुलावरून कोर्लईला जाऊ. तिथली ख्रिस्ती मंडळी अजून घरात पोर्तुगीजातून निघालेली बोली बोलतात. तुझं त्यांना किती कळतं ते बघू.

तुझा,
बाबा