हँडबिलावरचा ‘आय-७ गेमिंग पीसी’ घेण्याआधी

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी पेपर उघडला तर घडीतून एक रंगीत हँडबिल पडलं, ‘आय-७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, फक्त २४,९९९’. हँडबिलं एजन्सीवाले घालतात, त्यात पेपरचा हात नसतो हे मला माहितीये, पण ते वाचून पैसे घेऊन दुकानात जाणारी पोरं तुमच्याच वाचकांच्या घरातली आहेत म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने असाच सेट घेतला होता. बारावीच्या सुट्टीत मंडप डेकोरेशनवाल्याकडे राबून त्याने निम्मे पैसे जमवले, उरलेले ताईने भिशी उचलून दिले. आय-७ म्हटल्यावर घरात सगळे खूश. मी आत सॉफ्टवेअर बघितलं तर प्रोसेसर (मशीनचा मेंदू म्हणा) आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा, आणि ग्राफिक कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) जीटी ७३०, ते २०१४ चं. आय-७ हे नाव खरंच होतं हो, पण नावाच्या पुढचा आकडा कुणी विचारलाच नाही. २६०० म्हणजे दुसरी पिढी. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि काही नवीन गेम्स तर या जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाहीत. २०२२ चा साधा आय३-१२१००एफ घ्या, कोर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) त्यालाही चार आणि याला पण चारच, पण कामाला तो साधा आय-३ या आय-७ च्या कितीतरी पुढे आहे.

गेम अडकायला लागल्यावर भाचा परत त्याच दुकानात गेला. त्यांनी आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड विकलं, कार्ड चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कार्डाला आठ पिनची वायर लागते आणि त्याच्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधला, सगळ्या पार्टला वीज पुरवणारा डबा) ती नव्हती, तर हार्डडिस्कच्या जुन्या वायरीला एक कन्व्हर्टर लावून जोडून दिलं आणि सांगितलं ‘पाचशे वॅटचा आहे, आरामात चालतंय’. अकराव्या दिवशी संध्याकाळी गेम खेळताना फट् असा आवाज झाला, जळका वास आला, मशीन बंद. एसएमपीएस गेलं आणि जाताना मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) पण घेऊन गेलं.

ते एसएमपीएस मी खोलून काढलं आणि लेबल नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात होतं १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. प्रोसेसर ९५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचं, दोन्ही मिळून २२७, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच तो डबा झेपेल त्याच्या वर ओढत होता. नंतर आम्ही ८० प्लस ब्रॉंझवालं (वीज कमी वाया घालवतं याचं प्रमाणपत्र) ५५० वॅटचं घेतलं, त्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४० वॅट. शेजारच्या किराणा दुकानात दोन्ही काट्यावर ठेवले तर जुनं साडेसहाशे ग्रॅम भरलं आणि नवीन दीड किलोच्या वर गेलं. वजनावरून सगळं कळत नाही, पण इतका फरक हातालाच जाणवतो.

भरपाई मागायला गेलो तर म्हणाले लाईट वरखाली झाली असेल, वॉरंटीत बसत नाही. आणि आमच्याकडे दाखवायला काय, तर एक कच्चा कागद, त्यावर ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’. मदरबोर्ड कुठला, एसएमपीएस कुठलं, सिरीयल नंबर काय, काही नाही. म्हणून पालकांना कळकळीनं सांगतो, जीएसटीचं पक्कं बिल घ्या, १८ टक्के जातात ते जाऊ द्या, पण प्रत्येक पार्टचं नाव, मॉडेल आणि सिरीयल नंबर वेगळ्या ओळीत लिहून घ्या, कारण वॉरंटी पार्टची असते, सेटची नसते.

कार्ड नशिबाने वाचलं होतं म्हणून मग आम्ही दोघांनी बाकीचे पार्ट एकेक करून आणले आणि घरीच जोडलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर (सहा कोर, ६५ वॅट, पंखा बॉक्समध्येच येतो), बी५५० चा बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि ५०० जीबीची एनव्हीएमई (हार्डडिस्कच्या जागी वापरतात ती वेगवान एसएसडी). १६ ची एकच रॅम घेऊ नका, आठच्या दोन घ्या, दोन चॅनलमुळे (दोन्ही रॅम एकाच वेळी काम करतात) फरक पडतो, आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारी सेटिंगची स्क्रीन) जाऊन एक्सएमपी (रॅमला पूर्ण स्पीड देणारी सेटिंग) चालू करायचं विसरलात तर ३२०० स्पीडची रॅम घेऊनही ती कमी स्पीडवरच चालत राहते, आमची महिनाभर तशीच चालली होती! मॉनिटरची वायर बोर्डाला नाही तर ग्राफिक कार्डाला लावायची, कारण या ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, बोर्डाला लावली की स्क्रीन काळी राहते आणि माणूस घाबरतो.

ज्यांचं बजेट खरंच पंचवीस-तीस हजाराचं आहे त्यांनी निराश होऊ नका. ५६०० च्या ऐवजी ५६००जी बघा, त्यात ग्राफिक्स आतच आहे आणि ते जीटी ७३० पेक्षा नक्की चांगलं. कार्ड वर्षाने घ्या, पण एसएमपीएस आजच चांगलं घ्या म्हणजे तेव्हा बदलायला लागणार नाही. सध्या रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरमुळे फार चढलेत, मग आरजीबी (रंगीत) लायटिंगचा कॅबिनेट सोडा, साधा जाळीचा घ्या, आणखी कुठे काटकसर करायची ती करा, एसएमपीएसमध्ये नको. आणि एक, जुन्या घरात तीन पिनच्या सॉकेटला बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा.

दुकानदारांशी माझं वैर नाही, मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा आमच्या गावात काय, नीट समजावून देणारे पण भेटलेत. मागणी एवढीच आहे की हँडबिलावर ‘आय-७’ लिहायचं असेल तर पुढचा पूर्ण नंबर लिहा, ‘४ जीबी कार्ड’ ऐवजी कार्डाचं नाव लिहा, आणि एसएमपीएस कुठल्या कंपनीचं आहे तेही छापा. आपल्या पेपरच्या जाहिरात विभागाने छापील जाहिराती घेताना तरी एवढी माहिती मागावी ही विनंती. दिवाळीच्या ऑफर सुरू व्हायच्या आधी हे पत्र आलं तर फार बरं होईल.

आपला नियमित वाचक,
जि. सातारा
(कृपया नाव छापू नये)