हौशींनाही परवडेल असा सॉफ्टवेअर परवाना हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद हार्डवेअरच्या बाजूने आज पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे. ३२ बिटी मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक), लॉजिक ॲनालायझर, चार थरांचा पीसीबी (सर्किट बोर्ड), हे सगळे एकेकाळी कंपन्यांच्या प्रयोगशाळेतच दिसायचे. आता ते घरच्या टेबलावर आले आहे. घोडे अडते ते सॉफ्टवेअरपाशी. व्यावसायिक कंपायलरचा (लिहिलेला कोड चिपला कळेल अशा भाषेत नेणाऱ्या साधनाचा) किंवा पीसीबी डिझाइनच्या पॅकेजचा परवाना अनेकदा हौशी माणसाच्या टेबलावरच्या सगळ्या सामानापेक्षा महाग पडतो. किंमत ठरवणाऱ्यासमोर कंपनीचा खरेदी विभाग असतो, रात्री जेवण आटोपून सोल्डरिंग आयर्न तापवणारा माणूस नसतो. आणि मी एलईडी लुकलुकवून समाधान मानणाऱ्यांबद्दल बोलत नाही. स्वतःचा रेडिओ ट्रान्सीव्हर किंवा मोटर ड्राइव्ह पहिल्यापासून बांधणाऱ्यांबद्दल बोलतो आहे.

कंपन्या काहीच देत नाहीत असे नाही. पण जे देतात त्याला कात्री भलत्याच ठिकाणी लावतात. काइलच्या एमडीके या मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्राम लिहिण्याच्या पॅकेजची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षे ३२ किलोबाइटपाशी थांबायची. कोड आणि डेटा मिळून त्याच्या वर गेले की लिंक होणे, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम तयार होणे, बंद. आता २४० बाय ३२० ठिपक्यांचा साधा रंगीत डिस्प्ले घ्या. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले, तर पडदाभर एकच चित्र १५० किलोबाइट होते. चिपमध्ये अर्धा मेगाबाइट फ्लॅश मेमरी मोकळी पडलेली असते आणि लिंकर मात्र हात वर करतो. उलट बाजारात विकायचा चार्जर किंवा थर्मोस्टॅट ३२ किलोबाइटमध्ये आरामात मावतो. म्हणजे ही तांत्रिक अडचण पैसे कमावणाऱ्याला जाणवतही नाही आणि दमडी न कमावणाऱ्याच्या पायात येते!

मर्यादा घालायचीच तर ती वापरावर घाला. हे जमते, हे काहींनी दाखवून दिले आहे. चिपमधल्या प्रोग्रामच्या चुका शोधायला लागणारा सेगरचा जे-लिंक ईडीयू डीबगर शिकणाऱ्यांना आणि हौशींना कमी किमतीत मिळतो; अट एकच, धंद्यासाठी वापरायचा नाही. एमडीकेचीही बिगर-व्यावसायिक वापरासाठी आकाराची अट नसलेली कम्युनिटी आवृत्ती पुढे आली. जेटब्रेन्सने २०२५ मध्ये सीलायन हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत केले. चिप बनवणाऱ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा एसटी आपली साधने फुकट देतात, कारण त्यांची कमाई चिपवर होते. जी कंपनी फक्त सॉफ्टवेअरच विकते तिने पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही.

म्हणूनच माझी मागणी फुकटची नाही. फुकट दिलेले कधीही आवळता येते. ऑटोडेस्कने २०२० मध्ये फ्यूजन या डिझाइन सॉफ्टवेअरच्या वैयक्तिक परवान्यावर एका वेळी १० फायलींचीच मर्यादा आणली. हौशींचे लाडके पीसीबी पॅकेज ईगल याच कंपनीने २०१६ मध्ये घेतले, २०१७ मध्ये ते वर्गणीवर नेले आणि ७ जून २०२६ पासून ते बंद होणार हे २०२३ मध्ये जाहीर केले. त्यापेक्षा एकदाच माफक पैसे घ्या, पूर्ण क्षमतेची आवृत्ती द्या आणि ती कायमची द्या. पुढची आवृत्ती हवी असेल तर आम्ही पुन्हा पैसे मोजू.

‘मग किकॅड वापरा की,’ असे कोणी म्हणेल. वापरतोच. ज्यां-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या आणि २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेचा हातभार लागलेल्या या मुक्त पॅकेजने पीसीबीपुरता प्रश्न बराचसा सोडवला आहे. जीसीसी हा मुक्त कंपायलरही उत्तम आहे. पण मोठ्या एफपीजीएसाठी (आतले सर्किट हवे तसे बदलता येणाऱ्या चिपसाठी) बहुतेक वेळा उत्पादकाचेच साधन लागते आणि त्यातल्या वरच्या चिपना सशुल्क परवाना पडतो. वेगवान सिग्नलचे विश्लेषण, चालत्या प्रोग्रामचा ट्रेस (पायरीपायरीची नोंद) घेणे, अशा कामांतही मुक्त साधने अजून मागे आहेत. क्रॅक केलेल्या प्रतींबद्दल काय बोलावे! कायदा बाजूला ठेवला तरी त्यासोबत संगणकात काय शिरते ते कळतही नाही.

हौशी परवान्याच्या आडून छोटे उद्योग फायदा घेतील, ही कंपन्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी हे प्रोग्रामिंगचे मोफत साधन आणताना त्यावर तोडगा काढलाच होता: एकट्या माणसाला मोकळीक, मोठ्या संस्थांना उलाढाल आणि संगणकांची संख्या पाहून मनाई. तोच निकष इथेही लावता येईल. तांत्रिक मदतीचा फोन आम्हाला नको. नीट लिहिलेले मॅन्युअल पुरे.

राहता राहिला एक बारीक मुद्दा, जो परवान्याच्या मजकुरात हमखास गाळला जातो. अनेक साधने सुरू होताना कंपनीच्या सर्व्हरकडे परवानगी मागतात. कंपनी विकली गेली किंवा सर्व्हर बंद झाला, तर पैसे भरून घेतलेले साधनही उघडत नाही. तेव्हा विक्री थांबवताना इंटरनेटशिवाय चालणारी शेवटची आवृत्ती ग्राहकाच्या हाती देऊ, असे कलम करारातच असावे. नव्या संगणकावर ती पुन्हा बसवण्याची मुभाही त्यातच लिहिलेली असावी.

आपला,
एक हौशी वाचक