फोन कापायला संकोचू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच्या फसवणुकीचा विषय काढला की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि बोलणं दुसरीकडेच जातं. म्हणून लिहितेय. कागद टीव्हीशेजारी ठेवा, हाताशी राहील.

बाबा, तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत. समोरचा "सर" म्हणून बोलला की तुम्ही त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेता. तुमचा हा स्वभाव मला फार आवडतो, पण फोनवरचे चोर नेमका त्याचाच फायदा घेतात. "बँकेतून बोलतोय सर, हयातीचा दाखला जमा नाही, पेन्शन थांबेल, आलेला ओटीपी सांगा." असा फोन आला की त्याचं वाक्यही पुरं होऊ देऊ नका. कापा. तो उद्धटपणा नाही. दाखल्यासाठी नोव्हेंबरात तुम्ही स्वतः शाखेत जाता, तसंच जात राहा. ओटीपी मात्र कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही.

आई, तुझ्या शेंगा चटणीला आता पुण्या-मुंबईहून ऑर्डरी येतात, याचा मला केवढा अभिमान आहे! पण उद्या कुणी म्हणेल, "मी मिलिटरीत आहे, 20 किलो चटणी आणि कडक भाकरी हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." तिथेच थांब. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. (खात्यातली शिल्लक बघायला पिन लागतो, ते वेगळं.) गिऱ्हाइकाने तुझा क्यूआर स्कॅन करायचा, तू त्याचा नाही. त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरही विसंबू नकोस. ॲप उघडून रक्कम जमा झालेली बघ, मगच डबे भरायला घे.

व्हॉट्सॲपवर कधी लग्नपत्रिका येते, कधी "आज रात्री वीज तोडू" असा निरोप आणि सोबत एक फाइल. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही इंग्रजी अक्षरं असली तर ती पत्रिका नाही, बिलही नाही. ते ॲप आहे. ते फोनमध्ये घेऊन परवानग्या दिल्या की तुमचे मेसेज, ओटीपीसकट, चोरांना वाचता येतात. नात्यातल्या कुणाच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्याचंच व्हॉट्सॲप चोरांच्या हाती गेलेलं असू शकतं. सरळ फोन लावून विचारा, "पत्रिका तूच पाठवलीस का रे?"

सगळ्यात जास्त धास्ती मला त्या व्हिडिओ कॉलची वाटते. खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली. "तुमच्या आधारवर पार्सल निघालंय, त्यात ड्रग्ज सापडलेत. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही." याला ते 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. आपल्या कायद्यात असा प्रकारच नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. यात डॉक्टर फसलेत, मोठमोठे निवृत्त अधिकारी फसलेत. तेव्हा "आम्हा म्हाताऱ्यांना काय कळतंय" असं मनातही आणू नका. हे लोक भीती घालून माणसाला एकटं पाडतात. "कुणाला सांगू नका" हे शब्द कानावर पडले की आधी एकमेकांना हाक मारा, मग मला फोन करा. कामात असले तरी उचलेन.

आणि पैसे गेलेच, तर लपवू नका. मी रागावणार नाही. त्याच क्षणी 1930 ला फोन लावा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम अडवता येण्याची शक्यता असते; रात्र गेली की ती कमी होते. मग बँकेला कळवा. बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा.

गड्ड्याच्या यात्रेला येईन तेव्हा दोघांच्याही व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा 6 आकडी पिन लावून देते, म्हणजे दुसऱ्या फोनवर तुमचं व्हॉट्सॲप चालू करायला तो पिन लागेल. तोवर बाबा, 1930 तुमच्या फोनमध्ये आणि आईच्याही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. शेजारच्या काकूंना मुलाने नवा फोन दिलाय ना, त्यांनाही हे पत्र वाचायला द्या.

तुमची लेक