दंत महाविद्यालयांची दारं संध्याकाळी आमच्यासाठी उघडा : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पदवीनंतरच्या तंत्रशिक्षणासाठी मुंबईतल्या सार्वजनिक दंत महाविद्यालयांत संध्याकाळची डिजिटल कार्यशाळा सुरू करण्याबाबत

मंत्रीमहोदय, सविनय नमस्कार.

मी भांडुपला दंतवैद्य आहे. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, घेऊन एकवीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका गाळ्यात गेली. एक खुर्ची, एक छोटं एक्स-रे मशीन आणि मदतीला एक ताई, एवढाच माझा दवाखाना. पेशंट म्हणजे रिक्षावाले, घरकामाला जाणाऱ्या बायका, कारखाने बंद झाल्यावर घरी बसलेले काका आणि आता त्यांची नोकरीला लागलेली मुलं. मुंबईतले कितीतरी दात असल्याच गाळ्यांत दुरुस्त होतात, म्हणून हे पत्र.

परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. एका बाईंच्या ब्रिजचं, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवायच्या कृत्रिम दाताचं, माप घेऊन प्लास्टरचं मॉडेल केलं आणि असे दात बनवणाऱ्या लॅबच्या मुलाकडे दिलं. ही मुलं दिवसभर लोकलने फिरून दवाखान्यादवाखान्यांतून मापं गोळा करतात. त्या दिवशी गाड्या उशिराने धावत होत्या, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पिशवी दाबली गेली आणि मॉडेलवरचा नेमका ब्रिजसाठी घासलेला दात तुटला. बाई चार घरची कामं करतात. पुन्हा माप द्यायला आल्या तेव्हा दोन घरचा खाडा झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण खुर्चीत बसताना त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं.

हेच माप तोंडात फिरवायच्या स्कॅनरने घेतलं असतं, तर फाइल मिनिटभरात लॅबमध्ये पोचली असती. माप देताना उमासे येणाऱ्या पेशंटचा त्रासही वाचला असता. यात चमत्कार काही नाही. दाताचं माप कॅमेऱ्याने घेऊन, संगणकावर आकार देऊन, मशीनवर कोरलेली पहिली भरणी झुरिच विद्यापीठात १९८५ साली पेशंटच्या दातात बसली. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. मी शिकले त्या कॉलेजात त्यानंतर वीस वर्षांनीही आम्ही मेणाचे दात कोरत होतो. ते कोरणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही, दाताचा आकार बोटांना त्यातूनच कळतो. पण पुढची पायरी कोणी दाखवलीच नाही आणि पदवी हातात पडली त्या दिवशी कॉलेजचं दारही आमच्यासाठी बंद झालं.

बंद झालं म्हणजे काय, ते माझ्याकडे काम करून गेलेल्या एका मुलीवरून सांगते. चार वर्षांचं शिक्षण, वर्षाची इंटर्नशिप, मार्क चांगले. पुढच्या पदव्युत्तर एमडीएसच्या जागा बीडीएसच्या मानाने फारच थोड्या आणि खासगी कॉलेजची फी घरच्यांना झेपणारी नव्हती. आधीच्या दवाखान्यात तिला महिन्याला पंधरा हजार मिळत होते. मोठ्या साखळी दवाखान्यांत अर्ज केला की पहिला प्रश्न यायचा, स्कॅनर चालवता येतो का, डिझाइनचं सॉफ्टवेअर येतं का. म्हणून तिने एका कंपनीच्या दोन दिवसांच्या कोर्सला नाव घातलं. जागा अंधेरीचं पंचतारांकित हॉटेल आणि फी तिच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. परत आली तेव्हा मी विचारलं, हातात घेतलास का? म्हणाली, "मॅडम, चाळीस जण होतो. माझ्या वाट्याला चार मिनिटं आली. तीही प्लास्टिकच्या जबड्यावर." सर्टिफिकेट मात्र रंगीत होतं, लॅमिनेट केलेलं.

कंपनीवर माझा राग नाही. तिला मशीन विकायचं आहे, ती तिच्या मशीनची बटणं शिकवणार. कुठल्या केसमध्ये स्कॅनर वापरू नये, हिरडीतून रक्त येत असताना दाताची कड स्कॅनमध्ये नीट का येत नाही, हे तिने का सांगावं? हे शिक्षकाचं काम आहे. शिक्षक तुमच्या विभागाकडे आहेत.

आता आमच्या लॅबवाल्या काकांबद्दल. विक्रोळीला त्यांची छोटी लॅब आहे. तीस वर्षं ते स्पिरिटच्या दिव्यावर मेण तापवून थेंब थेंब टाकत दाढ उभी करतात. गेली काही वर्षं त्यांचं काम आटत चाललं आहे, कारण झिरकोनियाच्या, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅप आता मशीनवर कोरायला मोठ्या मिलिंग सेंटरमध्ये जातात. एका रविवारी मी त्यांना माझ्या ओळखीच्या सेंटरमध्ये घेऊन गेले. स्क्रीनवर एका साठीच्या पेशंटची दाढ होती. सॉफ्टवेअरने आपल्या साठ्यातून एक सुंदर, टोकदार दाढ काढून रिकाम्या जागी बसवली होती. काका जरा पुढे वाकले आणि म्हणाले, "मॅडम, ही दाढ वीस वर्षांच्या पोरीची आहे. ह्या बाईंच्या बाकीच्या दाढा बघा, झिजून सपाट झाल्यात. ही एकटीच उंच राहणार. बाई जेवायला बसल्या की हिलाच सगळा मार लागणार." शेजारी बसलेल्या मुलाने त्यांच्या हातात माउस दिला. आधी बाण स्क्रीनभर पळत होता. अर्ध्या तासात काकांनी त्या दाढेची टोकं बसवून ती तोंडात शोभेल अशी केली. तो मुलगा बघत राहिला.

या माणसाला हे सॉफ्टवेअर शिकवणारी एकही जागा मला या शहरात सापडली नाही. दोन वर्षांचा डेंटल मेकॅनिकचा डिप्लोमा विशीत करायचा, पन्नाशीत काय करायचं? तंत्रज्ञान आलं की जुना माणूस बाहेर, असं सगळे गृहीत धरतात. पण तीस वर्षं मेणावर बसलेली नजर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये विकत मिळत नाही. मशीन आणि ही नजर एकत्र आली तर पेशंटच्या तोंडात चांगली दाढ बसेल. ती एकत्र आणायला एखादी जागा लागते, एवढंच.

माझ्या मदतनीस ताईंचं वेगळंच दुखणं आहे. दहावी पास, माझ्याकडे अकरा वर्षं. हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावणं, हत्यारांची पाकिटं करणं, सिमेंट कालवणं, घाबरलेल्या पोराला शांत करणं, सगळं येतं. उद्या त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली तर पगार पहिल्यापासून सुरू, कारण हातात कागद नाही. स्कॅनरच्या टोकाचं निर्जंतुकीकरण, फाइल नीट पाठवणं आणि जपणं ही कामं आता अशाच हातांतून होणार आहेत. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, त्यात दंतवैद्यांबरोबर सहायकांचाही विचार आहे. तो कागदावरून आमच्या गाळ्यापर्यंत आणणं राज्याच्या हातात आहे.

आता थोडं माझ्या स्वतःच्या अज्ञानाबद्दल, कारण ते लपवून हे पत्र लिहिता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाची खालची अक्कलदाढ काढायची होती. ओपीजी काढला. ओपीजी म्हणजे अख्ख्या जबड्याचं सपाट चित्र. त्यात दाढेची मुळं नेमकी जबड्यातल्या नसेवर पडलेली दिसत होती. ती नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी काही महिने, कधी कायमची. सपाट चित्रात मूळ नसेच्या आतल्या बाजूला आहे, बाहेर आहे की तिला चिकटलेलं आहे, ते कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन लागतो. तो जबडा पातळ कापांच्या चित्रांत तिन्ही बाजूंनी दाखवतो. मी मुलाला स्कॅन सेंटरला पाठवलं. सीडी आली, सोबत इंग्रजी रिपोर्ट आला. सीडी संगणकात घातली आणि मी समोर बसून राहिले. काप पुढेमागे कसे सरकवायचे, नसेचा मार्ग कसा आखायचा, मला येत नव्हतं. शेवटी एका ज्येष्ठ सर्जनना फोन केला. रात्री दहा वाजता, स्वतःचं जेवण बाजूला ठेवून, त्यांनी मला तासभर फोनवर शिकवलं. मूळ नसेच्या जिभेकडच्या बाजूने जात होतं, मध्ये हाडाचा पातळ पडदा होता. त्यांच्याच हातून दाढ निघाली, मुलाचा ओठ शाबूत राहिला.

एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. माझं छोटं मशीनही नोंदवलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या मशीनमधून निघालेलं चित्र मला वाचता येतं की नाही, हे इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेलं नाही. दंतवैद्य म्हणून माझी जी नोंदणी आहे, तिच्या नूतनीकरणासाठी सततच्या दंतशिक्षणाचे गुण लागतात. मी ते दरवेळी पूर्ण करते. बरेचसे गुण खुर्चीत बसून भाषणं ऐकून मिळतात. त्यातली काही फार चांगली असतात, पण हात तिथे रिकामेच राहतात.

सगळं काही महागड्या मशीनांबद्दल नाही. गुटख्यावर आपल्या राज्याने २०१२ साली बंदी घातली. तरी माझ्या खुर्चीत आजही पंचविशीतली मुलं बसतात, ज्यांचं तोंड उघडत नाही. आम्ही साधी बोटांची तपासणी करतो, तीन बोटं उभी तोंडात मावायला हवीत. यांची दोन मावत नाहीत. गालाच्या आत पांढरा, ताठर पट्टा लागतो. कधी त्यात एखादा न भरणारा लाल व्रण दिसतो आणि पोटात गोळा येतो. अशा वेळी मोबाइलवर चांगला फोटो काढून महाविद्यालयाच्या मुखविकृती विभागातल्या कोणाला दाखवता आला, त्यांनी दोन दिवसांत "लगेच पाठवा" किंवा "पंधरा दिवसांनी पुन्हा बघा" एवढं कळवलं, तर परळच्या टाटा रुग्णालयात पोचणारे काही जण वेळेत पोचतील. सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला मिळतोच आहे, तीच पद्धत आम्हाला आमच्या शिक्षकांशी जोडून द्यावी. आज हे फोटो आम्ही ओळखीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. पेशंटचा चेहरा, नाव, सगळं त्यात जातं. तेही थांबायला हवं.

मागणी एकच आहे. मुंबईत सार्वजनिक पैशांवर चालणारी दोन जुनी दंत महाविद्यालयं आहेत. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय तुमच्या विभागाकडे येतं. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ सालचं, ते महापालिकेचं, त्यामुळे त्यासाठी तुम्हाला पालिकेशी बोलावं लागेल. नकाशा बघा, एक मध्य आणि हार्बर मार्गाच्या टोकाशी आहे, दुसरं पश्चिम रेल्वेवर. कर्जतची मुलगी, पनवेलचा तंत्रज्ञ आणि विरारचा डॉक्टर, तिघंही गाडी न बदलता यातल्या एका ठिकाणी पोचतात. अशी सोय कुठल्याही हॉटेलच्या सभागृहाला नाही.

या दोन्ही ठिकाणी दुपारची ओपीडी संपल्यावर, संध्याकाळी पाच ते नऊ आणि रविवारी, एक डिजिटल कार्यशाळा उघडी ठेवा. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्कॅनर ठेवा म्हणजे कोणी एकाच मशीनला बांधला जाणार नाही. डिझाइनचे संगणक, एक मिलिंग मशीन, एक थ्रीडी प्रिंटर आणि सीबीसीटी वाचायला मोठा पडदा असावा. शिकवायला तुमचेच प्राध्यापक आणि निवृत्त झालेले सर, मॅडम. मशीन बसवताना देखभालीचा करार आधी करा, नाहीतर पहिला सेन्सर गेला की खोलीला कुलूप लागतं. मी फुकट मागत नाही. तासाला पाचशे रुपये फी ठेवा, मी देईन, माझ्यासारखे शेकडो देतील. तंत्रज्ञांना ती निम्मी असावी, सहायकांना नाममात्र. तिथे हाताने केलेल्या कामाचे तास नूतनीकरणाच्या गुणांत धरले जावेत आणि सहायकांना परीक्षा घेऊन राज्याचं प्रमाणपत्र मिळावं. इंटर्न मुलांना या कार्यशाळेत पंधरवडाभर सक्तीने बसवा, म्हणजे त्या मुलीवर जी वेळ आली ती पुढच्यांवर येणार नाही.

जागा आहे, माणसं आहेत, रेल्वे आहे. संध्याकाळी दिवे चालू ठेवायचा आदेश तेवढा हवा आहे.

तुम्ही हे पत्र वाचून विभागाकडे पाठवलंत तर त्याचा पाठपुरावा करायला मी स्वतः मंत्रालयात येईन, दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून. काका या वर्षी साठीचे झाले. त्या रविवारपासून ते मला दोनदा विचारून गेले आहेत, "मॅडम, त्या माउसचं कुठे शिकवतात का?" पहिली तुकडी लागेल तेव्हा त्यांचा अर्ज मी माझ्या हाताने भरून आणून देईन.

आपली नम्र,
एक दंतवैद्य,
भांडुप, मुंबई