बाबांचा गॅलन

रविवार, रात्री उशिरा

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण आई पत्र उघडल्यावर आधी तेवढंच शोधणार. नोकरी गेलेली नाही, कुणी मला बोललंही नाही. छोटूनं फोनवर अर्धवट ऐकून जे सांगितलं त्यातलं खरं एवढंच, की मोजमापात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती त्याच दिवशी निस्तरली. गेले तीन आठवडे मी दोन मिनिटांत फोन ठेवत होते. कामाचा ताण आहे असं सांगितलं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. बाबांना हे कसं सांगायचं तेच सुचत नव्हतं. आकड्यांची गोष्ट फोनवर नीट सांगताही येत नाही, म्हणून पत्र.

माझं काम तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. त्या दिवशी एका टाकीत 1200 किलो ग्लिसरीन घ्यायचं होतं. मागणी किलोत होती आणि इथे अमेरिकेत नळीवरचा मीटर मात्र फक्त गॅलन दाखवतो. म्हणजे आधी किलोचे लिटर करायचे, मग लिटरचे गॅलन. ग्लिसरीनची घनता लिटरला सुमारे 1.26 किलो. 1200 भागिले 1.26, म्हणजे 952.4 लिटर. इथवर सगळं बरोबर होतं. पुढे हात आपोआप 4.546 कडे गेला. बाबा, तुम्ही माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर शाईनं कोष्टक लिहून दिलं होतं. त्यात होतं, एक गॅलन म्हणजे 4.546 लिटर. मला तो आकडा झोपेतही आठवतो. 952.4 भागिले 4.546, उत्तर 209.5 गॅलन. मीटरवर 209.5 दिसल्यावर मी झडप बंद केली.

टाकीखालच्या वजनकाट्यावर आकडा आला 999 किलो.

माझे हातपाय गार पडले. दोनशे किलो गेले कुठे? आधी काटा बिघडला असेल असं वाटलं, मग मीटर. दोन्ही ठीक निघाले. शेवटी कागद घेऊन बसले आणि 999 ला 1200 नं भागलं. 0.83 आलं. त्या 0.83 कडे बघत असतानाच आमच्या विभागातल्या वयस्कर बाईंनी माझा कागद पाहिला, 4.546 वर बोट ठेवलं आणि शेजारी पेननं 3.785 लिहिलं. 3.785 ला 4.546 नं भागा, तेही 0.83 च येतं. चुकीनं आपला ठसा मागे ठेवला होता. 952.4 भागिले 3.785, म्हणजे 251.6 गॅलन हवं होतं. उरलेलं 42.1 गॅलन सोडलं आणि काटा 1200 च्या जवळ येऊन थांबला. काही सांडलं नाही, काही वाया गेलं नाही.

बाबा, तुमचा आकडा चूक नव्हता. हे मला ठासून सांगायचंय, कारण तुम्ही रात्रभर तेच मनात घोळवत बसाल. गॅलन दोन आहेत. तुम्ही शिकवलात तो इंपीरियल, इंग्लंडचा. 1824 मध्ये त्यांनी तो ठरवला, तेव्हा व्याख्या अशी होती की 62 अंश फॅरनहाइटला 10 पौंड पाणी जेवढी जागा घेतं तेवढा एक गॅलन. अमेरिकेनं मात्र त्याआधीचा, दारू मोजायचा जुना इंग्रजी गॅलन धरून ठेवला. तो 231 घन इंचांचा. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, त्याचा घन 16.387. त्याला 231 नं गुणलं की 3785 घन सेंटिमीटर, म्हणजे 3.785 लिटर. हा हिशेब मी आता स्वतः करून ठेवलाय, त्यामुळे पाठांतरावर राहायची गरज उरली नाही. इथल्या एका गॅलनमधलं पाणी सुमारे 8.34 पौंड भरतं, तुमच्या गॅलनमधलं 10. नाव एकच, आणि फरक एवढा मोठा.

आणि हे इथेच संपत नाही. इथे येऊन इतके दिवस झाले, पण औंसाची या लोकांची सवय मला अजून पचलेली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. औंस हे वजनाचंही माप आहे आणि द्रवाच्या आकारमानाचंही. वजनाचा औंस 28.35 ग्रॅम. द्रवाचा औंस 29.57 मिलिलिटर. चार क्वार्टचा एक गॅलन, दोन पाइंटचा एक क्वार्ट, सोळा औंसांचा एक पाइंट, म्हणजे गॅलनमध्ये 128 औंस. इंग्लंडच्या पाइंटमध्ये मात्र वीस औंस, म्हणून त्यांच्या गॅलनमध्ये 160, आणि त्यांचा द्रव-औंसही 28.41 मिलिलिटरचा, इथल्यापेक्षा लहान. बोलताना लोक नुसतं "आठ औंस" म्हणतात. वजन की आकारमान, ते समोरच्यानं समजून घ्यायचं. पाण्यापुरतं चालून जातं, कारण पाण्याचा एक द्रव-औंस वजनाच्या औंसाच्या आसपासच भरतो. पण आठ द्रव-औंस ग्लिसरीन तोललं तर वजनाचे साडेदहा औंस भरतं. घनता विसरून चालतच नाही. मी कुणालाही आता "कुठला औंस?" असं विचारते. त्यांना ते विचित्र वाटतं, पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. विशेष म्हणजे यांच्या पौंडाची व्याख्या किलोवरूनच केलेली आहे. 1959 पासून एक पौंड म्हणजे नेमका 0.45359237 किलो. मुळात किलोवर उभं असलेलं माप रोजच्या वापरात पौंडातच का ठेवायचं, याचं मला पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

पुढचा एवढा भाग बाबांनी मनात वाचावा, आईला वाचून दाखवू नये. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाच्या बोइंग 767 विमानात हीच गोष्ट घडली. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून हिशेबानं इंधन भरलं. लागणार होतं 22,300 किलो. टाक्यांत होतं 7,682 लिटर. त्याचे किलो करायला 1.77 नं गुणलं. पण 1.77 ही घनता होती लिटरला पौंडांत. किलोत ती 0.8 च्या जवळपास असते. 7,682 गुणिले 1.77, म्हणजे 13,597. हे पौंड किलो समजून वजा केले, आणि 20,000 लिटरहून जास्त भरायचं तिथे 5,000 लिटरसुद्धा भरलं नाही. 41,000 फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि एकामागून एक दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. आतले सगळे 69 जण वाचले. गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता, आकड्याला चिकटलेलं एकक तेवढं भलतं होतं. हे वाचल्यापासून मी प्रत्येक पायरीवर एकक लिहिते. लिटर गुणिले किलो प्रति लिटर, लिटरला लिटर कटतो, किलो उरतो. जे उरायला हवं ते उरलं नाही तर गणित तिथेच थांबवायचं. एकक लिहिलं नाही म्हणून तुम्ही अर्धा गुण कापायचात आणि मी आईकडे रडत जायचे, ते आठवतं ना? तेव्हा मी तुम्हाला निष्ठुर म्हणाले होते. माफ करा.

छोटू, आता तुझं. वहीच्या पानाचा फोटो मिळाला. 250 मिलिलिटर द्रवाचं वस्तुमान 315 ग्रॅम, घनता किलो प्रति घनमीटरमध्ये काढा. तू 315 ग्रॅमचे 0.315 किलो केलेस, छान. मग 250 घन सेंटिमीटरचे 2.5 घनमीटर केलेस आणि उत्तर आलं 0.126. जरा थांब. साध्या हवेची घनता सुमारे 1.2 किलो प्रति घनमीटर असते, म्हणजे तुझा द्रव हवेच्या दहापट हलका झाला! असं उत्तर आलं की पुढे न जाता मागे बघायचं. मीटरमध्ये 100 सेंटिमीटर असतात, पण घनमीटर म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हीकडे 100. एक मीटरचा खोका मनात आण आणि त्यात एक सेंटिमीटरचे ठोकळे रचत जा. एका रांगेत 100, तळाच्या थरात 10,000, आणि असे 100 थर, म्हणजे दहा लाख ठोकळे. 250 ला दहा लाखांनी भाग, 0.00025 घनमीटर येतं. 0.315 भागिले 0.00025, म्हणजे 1260 किलो प्रति घनमीटर. मिलिलिटरला 1.26 ग्रॅम, लिटरला 1.26 किलो आणि घनमीटरला 1260 किलो, तिन्ही एकच. हा आकडा वर वाचलास ना? तुझ्या पुस्तकातला तो निनावी द्रव बहुधा ग्लिसरीनच असावा. पुढच्या गणितात तापमान दिलं असेल तर ते वाचल्याशिवाय सोडू नकोस. पाणीसुद्धा 4 अंश सेल्सियसला लिटरला जवळजवळ 1 किलो भरतं, 25 अंशांना 0.997. शाळेच्या गणितात एवढ्यानं बिघडत नाही, मोठ्या टाकीत बिघडतं. अडलं की रोज विचार. ताई दूर आहे म्हणून एकट्यानं रडत बसू नकोस.

आई, हात भाजतील, डोळ्यांत जाईल ही काळजी सोड. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय आत सोडतच नाहीत. ग्लिसरीन तर अंगावर पडलं तरी धुतलं की झालं. थंडीचे कपडे भरपूर आहेत. झोप होते. आज उशीर झाला तो या पत्रामुळे.

बाबा, घराच्या कर्जाचा या महिन्याचा हप्ता पाठवलाय आणि पुढच्या दोन महिन्यांचाही सोबतच. दादाच्या लग्नासाठी वेगळी रक्कम येत्या आठवड्यात येईल. ती लग्नालाच वापरा, हप्त्याकडे वळवू नका. मी येतेय, तिकीट काढलंय, पण नऊच दिवस. महिनाभर राहीन म्हणाले होते, तो शब्द पाळता येत नाहीये. या चुकीनंतर लगेच जास्त रजा मागायला माझं मन धजलं नाही. कुणी नाही म्हटलेलं नाही, मीच मागितली नाही. दादाला मी वेगळं लिहिते, तोवर तुम्ही त्याला समजवा. आणि आई, त्या स्थळाबद्दल तू तीनदा विचारलंस, मी तिन्हीदा विषय बदलला. मुलगा चांगला असेल. मला एक वर्ष द्या, एवढंच मागतेय. काकूंना शंका आहे तसं इथे कुणी नाही. असतं तर पहिल्यांदा तुझ्याच कानावर आलं असतं. तुला वाईट वाटलंय हे तुझ्या आवाजात कळतं, म्हणूनही फोन लवकर ठेवत होते.

तब्येतीला जपा. बाबा, रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुमची लेक

ता. क. बाबा, ती वही कपाटात असेल तर शेवटचं पान उघडा. 4.546 खोडू नका. त्याच्यापुढे तुमच्या अक्षरात "इंपीरियल" लिहा, खालच्या ओळीत 3.785 लिहा आणि फोटो पाठवा. मी तो कामाच्या टेबलासमोर लावणार आहे.