मातीतल्या शिशा-कॅडमियमशी कसं वागायचं ते शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम नमस्कार, फोनवर आभार मानून समाधान होईना म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, आणि तुम्ही सांगितलेलं सांडपाण्यामुळे जमिनीत जड धातू साचलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे.

रिपोर्टमध्ये शिसं, कॅडमियम वाचल्यावर जो तो म्हणायचा भरपूर खत टाका, सगळं निघून जाईल. निघून काही जात नाही हे स्पष्ट सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. धातू कुजत नाही, उडून जात नाही, आपण फक्त तो मातीत असा बांधून ठेवायचा की मुळांना मिळू नये. ऐकून धक्का बसला होता पण त्याच खरेपणामुळे पुढचं काम नीट झालं.

आमची जमीन आम्लधर्मी, म्हणून तुम्ही आधी चुना सांगितलात. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा) १ ने खाली आला की आम्लता १० पट होते आणि तशा मातीत कॅडमियम विरघळून मुळांपर्यंत पोचतं, सामू ६.५ ते ७ वर नेला की ते बरंचसं मातीच्या कणांना धरून बसतं. जिप्सम चालेल का विचारलं तर लगेच नाही म्हणालात, त्यात कॅल्शियम असलं तरी सामू वाढत नाही. मग कंपोस्ट आणि बायोचार (काडीकचरा कमी हवेत तापवून केलेला कोळसा), तेही कशापासून बनलंय याची चौकशी करूनच, कारण कचऱ्याच्या कंपोस्टमधूनच धातू परत शेतात येऊ शकतात. शिशासाठी फॉस्फेट, दोघांचं मिळून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं जे पाण्यात जवळपास विरघळतच नाही.

पण सगळ्यात मोठे उपकार जमिनीच्या दुसऱ्या तुकड्यातले. तिथे आर्सेनिक निघालं आणि तुम्ही फॉस्फेट ताबडतोब थांबवायला लावलंत. मातीच्या कणांवरच्या ज्या जागेवर आर्सेनिक बसतं तीच जागा फॉस्फेटला हवी असते, ते घुसलं की आर्सेनिक मोकळं होतं. चुनाही तिथे जपून, कारण सामू फार वाढला तरी आर्सेनिक सुटतं, तिथे लोहयुक्त घटकच कामाचे. म्हणजे एका तुकड्यातलं औषध दुसऱ्यात विष झालं असतं! मला वाटतं हे प्रत्येक माती परीक्षणाच्या रिपोर्टवर छापायला हवं.

नंतरच्या तपासणीत एकूण कॅडमियमचा आकडा जवळपास तोच आला तेव्हा घरातले हिरमुसले, पण तुम्ही डीटीपीएवाली टेस्ट बघायला सांगितलीत, पिकाला मिळू शकणारा भाग त्यात दिसतो आणि तो खरंच कमी झाला होता. तरी पालेभाज्या लावू नका हे तुमचं म्हणणं आम्ही पाळतोय, त्या कॅडमियम जास्त ओढतात. युरिया, अमोनियमच्या खतांनी सामू पुन्हा उतरतो म्हणून तो तपासत राहतो.

मनापासून आभार मॅडम. या पिकाचे नमुने लॅबला दिलेत, रिपोर्ट आला की आधी तुम्हालाच पाठवतो.